ऑस्ट्रेलियातल्या सरकारी विद्यापीठांचा ‘कोटा’ : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच होता. ऑस्ट्रेलियातली सरकारी निधीवर चालणारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थी किती घेऊ शकतात, आणि ही मर्यादा आपल्या मुलांच्या वाटेत नेमकी कुठे येते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. फी आणि रकमांचे आकडे ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आहेत. हे आकडे बदलतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर ते एकदा ताडून घ्यावेत.

प्रश्न : मुलीला मेलबर्नमधल्या एका सरकारी विद्यापीठाचे ऑफर लेटर आले आहे. एजंट म्हणतो, विद्यापीठाचा कोटा ८० टक्के भरला आहे, आठ दिवसांत डिपॉझिट भरा, नाहीतर व्हिसा नाकारतील. हे खरे आहे का? (एक पालक, सांगली)

उत्तर : ८० टक्क्यांची गोष्ट खरी असू शकते, व्हिसा नाकारण्याची नाही.

ऑस्ट्रेलिया सरकार दर वर्षी नव्याने दाखल होणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचा एक एकूण आकडा ठरवते आणि प्रत्येक संस्थेला त्यातला वाटा नेमून देते. २०२५ साठी एकूण आकडा २,७०,००० होता. त्यातले १,४५,००० सरकारी विद्यापीठांना, ३०,००० इतर विद्यापीठे व खासगी उच्चशिक्षण संस्थांना आणि ९५,००० व्यवसाय शिक्षणाला होते. २०२६ साठी एकूण आकडा २,९५,००० केला गेला. मोजणी फक्त त्या संस्थेत त्या वर्षी पहिल्यांदा दाखल होणाऱ्यांची होते. दुसऱ्या वर्षात जाणारा विद्यार्थी त्यात पुन्हा धरला जात नाही.

आता ८० टक्क्यांविषयी. १४ नोव्हेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियाबाहेरून केलेल्या अर्जांना मंत्र्यांचा ११५ क्रमांकाचा निर्देश लागू आहे. त्यानुसार व्हिसा अर्जांच्या तीन रांगा आहेत. विद्यापीठाचा वाटा ८० टक्क्यांपेक्षा कमी वापरला गेला असेल तर त्याच्या विद्यार्थ्यांचे अर्ज पहिल्या रांगेत राहतात. ८० ते ११५ टक्क्यांमध्ये असेल तर दुसऱ्या, आणि ११५ टक्क्यांच्या पुढे गेला तर तिसऱ्या. वेळेचा सरकारी अंदाज पहिल्या रांगेला १ ते ४ आठवडे, दुसरीला ५ ते ८ आणि तिसरीला ९ ते १२ आठवडे असा आहे. ११५ टक्के हा आकडाच सांगतो की वाटा ओलांडणे शक्य आहे, आणि ओलांडला तरी अर्ज घेतले जातात. फक्त त्यांची पाळी उशिरा येते.

रांग बदलली म्हणून व्हिसा देण्याचे निकष बदलत नाहीत. अधिकारी तेच बघतो : शिकण्याचा हेतू खरा आहे का, पैसे आहेत का, इंग्रजी पुरेसे आहे का, कागद अस्सल आहेत का. तिसऱ्या रांगेतला चांगला अर्ज मंजूर होतो आणि पहिल्या रांगेतला कच्चा अर्ज नाकारला जातो, तोही झटपट.

एजंटच्या बोलण्यातली घाई मात्र अगदीच निराधार नाही. खरा नकार व्हिसा खात्यातून येण्याआधी विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयातून येऊ शकतो. वाट्याच्या जवळ पोहोचलेले विद्यापीठ एखाद्या कोर्सच्या ऑफर थांबवते, डिपॉझिटची मुदत अलीकडे ओढते, किंवा ‘या सत्राऐवजी पुढच्या सत्रात या’ असे कळवते. म्हणून एजंटला बाजूला ठेवून विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर मुलीने स्वतः मेल करावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात : या सत्रासाठी या कोर्सचे सीओई (प्रवेश पक्का झाल्याचे विद्यापीठाचे प्रमाणपत्र) देणे अजून चालू आहे का, डिपॉझिट भरल्यावर सीओई किती दिवसांत मिळतो, आणि विद्यापीठाचे अर्ज सध्या कोणत्या रांगेत आहेत. डिपॉझिटची खरी मुदत ऑफर लेटरमध्येच छापलेली असते. एजंटची मुदत तिच्या आधीची असेल तर ती त्याच्या सोयीची आहे असे समजा.

प्रश्न : विद्यार्थी मर्यादेचे विधेयक तिथल्या संसदेत अडले असे वाचले होते. मग ही मर्यादा आली कुठून? (एक प्राध्यापक, नाशिक)

उत्तर : तुम्ही वाचलेले बरोबर आहे. संस्थेगणिक, हवी तर कोर्सगणिकही कडक मर्यादा घालण्याचा अधिकार शिक्षणमंत्र्यांना देणारे विधेयक मे २०२४ मध्ये मांडले गेले. ऑगस्टमध्ये २,७०,००० चा आकडा जाहीर झाला, तो हे विधेयक मंजूर होणार असे धरूनच. नोव्हेंबरमध्ये विरोधी आघाडी आणि ग्रीन्स हा पक्ष या दोघांनीही विरोध केला, त्यांची कारणे अगदी उलट होती, पण विधेयक सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, अडकले. आकडा मात्र सरकारने सोडला नाही. १९ डिसेंबर २०२४ पासून १११ क्रमांकाचा निर्देश आला आणि तोच आकडा व्हिसाच्या रांगेला जोडला गेला. त्याचीच पुढची आवृत्ती म्हणजे वर सांगितलेला ११५ क्रमांकाचा निर्देश.

निर्देशाला संसदेची मंजुरी लागत नाही. व्हिसा अर्ज कोणत्या क्रमाने हाताळायचे हे मंत्री सांगू शकतात. म्हणून आज जी आहे ती कायद्याने बांधलेली संख्या नाही, वेग कमीजास्त करून साधलेली मर्यादा आहे. याआधी, डिसेंबर २०२३ पासून, १०७ क्रमांकाचा निर्देश होता. त्यात ‘कमी जोखमीच्या’ संस्थांना आधी पाळी मिळे. त्याचा फायदा मोठ्या शहरांतल्या नामांकित विद्यापीठांना झाला आणि लहान गावांतली विद्यापीठे मागे पडली. टक्क्यांची पद्धत त्या मानाने न्याय्य म्हणायला हवी, कारण वाटा शिल्लक असलेल्या लहान विद्यापीठाचा विद्यार्थीही पहिल्या रांगेत राहतो.

मे २०२५ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाने याहून कडक योजना मांडली होती : नवीन परदेशी विद्यार्थी वर्षाला २,४०,०००, सरकारी विद्यापीठांत त्यांतले १,१५,०००, आणि कुठल्याही सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थी साधारण २५ टक्क्यांपुरतेच. तो पक्ष हरला. पण विषय मिटलेला नाही. २०२७ पासून सरकारी विद्यापीठांचे वाटे नवा उच्चशिक्षण आयोग प्रत्येक विद्यापीठाशी करार करून ठरवेल, अशी सरकारची योजना आहे.

प्रश्न : परदेशी मुले तिथल्या मुलांच्या जागा घेतात, म्हणून मर्यादा आली का? आपल्याकडच्या कोट्यासारखे आहे का ते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. स्थानिक पदवी विद्यार्थ्यांच्या जागांना केंद्र सरकारचे अनुदान असते आणि त्या जागा परदेशी विद्यार्थ्याला मिळतच नाहीत. परदेशी विद्यार्थी पूर्ण फी भरतो, आणि त्या पैशावर तिथल्या मोठ्या विद्यापीठांचे बरेच संशोधन चालते. त्यामुळे मर्यादेला सर्वांत जास्त विरोध विद्यापीठांनीच केला.

मर्यादेमागचे कारण घरांचे आहे. कोविडनंतर सीमा उघडल्यावर २०२२-२३ मध्ये ऑस्ट्रेलियात निव्वळ स्थलांतर पाच लाखांच्या वर गेले आणि भाडी भडकली. भाडी का वाढली याला इतरही कारणे आहेत, पण राजकारणात विद्यार्थी हा सोपा आकडा ठरला. म्हणूनच २०२६ साठी वाटा वाढवून मागणाऱ्या सरकारी विद्यापीठांना दोन गोष्टी दाखवायला सांगितल्या गेल्या : विद्यार्थ्यांसाठी नवी वसतिगृहे आणि आग्नेय आशियाशी वाढते संबंध. भारत त्या दुसऱ्या अटीत मोडत नाही. देशागणिक कोटा मात्र नाही. भारतीयांसाठी अमुक जागा असे कुणी सांगितले तर ते मनावर घेऊ नका.

प्रश्न : पीएच.डी.साठी जायचे आहे. मर्यादा लागू होते का? (एक संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : नाही. संशोधन पदव्या मोजणीत धरत नाहीत आणि त्यांचे अर्ज पहिल्या रांगेत असतात.

एक खाचखळगा आहे. ‘मास्टर्स’मध्ये प्रबंध असला म्हणजे ती संशोधन पदवी होत नाही. क्रायकॉस या सरकारी नोंदवहीत कोर्सचा प्रकार ‘मास्टर्स डिग्री – रिसर्च’ असा लिहिला असेल तरच सूट. ‘कोर्सवर्क’ लिहिले असेल आणि शेवटच्या सत्रात मोठा प्रकल्प असला, तरी तो मोजणीत येतो. ऑफर लेटरवरचा कोर्स कोड त्या नोंदवहीत टाकला की लगेच दिसते.

शाळेत शिकणारी मुले, फक्त इंग्रजीचा कोर्स करणारे आणि ऑस्ट्रेलिया सरकारच्या शिष्यवृत्तीवर जाणारे हेही मोजणीबाहेर आहेत. ऑस्ट्रेलियातच बारावी केलेले, किंवा विद्यापीठाशी संलग्न पाथवे कॉलेजातून (विद्यापीठ प्रवेशाची पूर्वतयारी करून घेणारे कॉलेज) वा टेफ या तिथल्या सरकारी व्यवसाय शिक्षण संस्थेतून सरकारी विद्यापीठात जाणारे विद्यार्थी २०२६ पासून वगळले आहेत.

प्रश्न : राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती मिळाली तर ‘सरकारी शिष्यवृत्तीधारक’ म्हणून सूट मिळेल का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : ऑस्ट्रेलियाबाहेरच्या शिष्यवृत्त्यांचे म्हणाल तर ती सूट ठरावीक भागीदार देशांच्या सरकारी शिष्यवृत्त्यांपुरती आहे. राज्याची शिष्यवृत्ती त्यात आपोआप बसते असे धरून वेळापत्रक आखू नका. मंजुरीचे पत्र पैशांचा पुरावा म्हणून मात्र उपयोगी पडते. त्यावर ट्यूशन फी किती, निर्वाह भत्ता किती आणि किती वर्षांसाठी, हे स्पष्ट लिहिलेले हवे. ‘नियमानुसार देय’ एवढेच लिहिलेल्या पत्राचा व्हिसा अधिकाऱ्याला काही उपयोग नाही. निवड यादी लागायला उशीर होतो हेही लक्षात घ्या. जुलैच्या प्रवेशाला ती पुरत नसेल तर ऑफर सुरुवातीपासून फेब्रुवारीची घेतलेली बरी.

प्रश्न : फेब्रुवारीचा प्रवेश घ्यावा की जुलैचा? मर्यादेच्या दृष्टीने काय फरक पडतो? (एक विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : बराच फरक पडतो. वाटा जानेवारी ते डिसेंबर असा कॅलेंडर वर्षाचा असतो, आणि कोर्स ज्या वर्षी सुरू होतो त्या वर्षात विद्यार्थी मोजला जातो. म्हणजे अर्ज ऑक्टोबरमध्ये केला, पण वर्ग फेब्रुवारीत सुरू होणार असतील, तर गणती पुढच्या वर्षाच्या रिकाम्या खात्यात होते. जुलैच्या प्रवेशाच्या वेळी त्याच वर्षाच्या फेब्रुवारीतले सगळे विद्यार्थी आधीच मोजले गेलेले असतात. मागणी जास्त असलेल्या विद्यापीठात ८० टक्क्यांची रेषा ओलांडली जाते ती साधारण याच टप्प्यावर.

आपल्याकडे अंतिम वर्षाचे निकाल जून-जुलैमध्ये लागतात, त्यामुळे त्याच वर्षीचा जुलै गाठायचा प्रयत्न मुले करतात. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका, प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, या सगळ्याला धावाधाव होते आणि व्हिसाला उरतात तीन-चार आठवडे. पहिल्या रांगेत ते जमते, दुसऱ्या रांगेत जमेलच असे नाही. मागणीच्या विद्यापीठाचा आग्रह असेल तर फेब्रुवारी धरा आणि व्हिसा ऑक्टोबर अखेरपर्यंत टाका. जुलैच हवा असेल तर वाटा शिल्लक असलेले विद्यापीठ निवडा. दुसरी परिस्थिती वाईट आहे असे अजिबात नाही. लहान शहरातल्या सरकारी विद्यापीठाची पदवी तीच असते आणि घरभाडे सिडनीपेक्षा खूपच कमी.

प्रश्न : दोन महिने झाले, व्हिसा आला नाही. वर्ग तीन आठवड्यांवर आले आहेत. काय करावे? अर्ज मागे घेऊन दुसऱ्या विद्यापीठातून टाकावा का? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अर्ज मागे घेऊ नका. १ जुलै २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाची फी २,००० डॉलर आहे आणि ती परत मिळत नाही. (जून २०२४ पर्यंत हीच फी ७१० होती, मग १,६०० झाली.) दुसऱ्या विद्यापीठातून पुन्हा अर्ज म्हणजे पुन्हा २,००० आणि पुन्हा शून्यापासून वाट बघणे.

क्रमाने पुढीलप्रमाणे करा. आधी ऑफर लेटरमध्ये किंवा विद्यापीठाच्या कॅलेंडरमध्ये ‘उशिरात उशिरा हजर राहण्याची तारीख’ शोधा. ती वर्ग सुरू झाल्यानंतर एक-दोन आठवड्यांची असते, काही कोर्सना मुळीच नसते. मग इमीअकाउंट, म्हणजे व्हिसा अर्जाचे ऑनलाइन खाते, उघडून अर्जाची स्थिती बघा. अधिकाऱ्याने काही मागितले असेल तर तिथे पत्र पडलेले असते, आणि उत्तराची मुदत त्या पत्रापासून मोजली जाते. मेल स्पॅममध्ये गेला ही सबब चालत नाही. वैद्यकीय तपासणीचा निकाल पोहोचला आहे का, व्हीएफएस या व्हिसा केंद्रात बायोमेट्रिक झाले आहे का, हे तिथेच दिसते. अर्ज अडण्याची ही दोन अगदी साधी आणि नेहमीची कारणे आहेत.

हे सगळे पूर्ण असेल तर हजर राहण्याच्या शेवटच्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी विद्यापीठाला कळवून प्रवेश पुढच्या सत्रात ढकलून मागा. याला तिथे डिफर करणे म्हणतात. विद्यापीठ जुना सीओई रद्द करून नव्या तारखांचा देते. नवा सीओई मिळाल्याबरोबर इमीअकाउंटमध्ये चढवा आणि आरोग्य विम्याच्या, म्हणजे ओएसएचसीच्या, तारखाही बदलून घ्या.

इथे सर्वांत जास्त अर्ज बुडतात. जुना सीओई रद्द झाला आणि नवा चढवला नाही, आणि मधल्या काळात अधिकाऱ्याने फाइल उघडली, तर निर्णयाच्या दिवशी वैध सीओई नाही या एका कारणावर अर्ज नाकारता येतो. विद्यापीठ आणि गृहखाते यांच्यात प्रिझम्स ही प्रणाली सामाईक आहे. सीओई रद्द झाल्याचे अधिकाऱ्याला लगेच दिसते, तुमचा खुलासा मात्र तुम्ही चढवल्याशिवाय दिसत नाही. ऑस्ट्रेलियाबाहेरून केलेला विद्यार्थी व्हिसा नाकारला गेला तर सहसा तिथल्या न्यायाधिकरणाकडे अपील करता येत नाही. नव्याने अर्ज एवढाच मार्ग उरतो. म्हणून डिफर करताना विद्यापीठाला लिहून विचारा की नवा सीओई जुना रद्द झाल्याच्या दिवशीच मिळेल का.

तोवर परत न मिळणारे विमानाचे तिकीट काढू नका, घराचे आगाऊ भाडे भरू नका. बँकेच्या कर्जाचा हप्ता एकदा उचलला की व्याज सुरू होते, तेव्हा पुढचा हप्ताही थांबवून ठेवा.

प्रश्न : व्हिसा नाकारला तर विद्यापीठाला भरलेले पैसे परत मिळतात का? (एक पालक, सोलापूर)

उत्तर : मिळतात, आणि ते कायद्याने ठरलेले आहे. कोर्स सुरू होण्याआधी व्हिसा नाकारला गेला, तर विद्यापीठ भरलेल्या रकमेच्या ५ टक्के किंवा ५०० डॉलर यांपैकी जे कमी असेल तेवढेच कापून घेऊ शकते. समजा २२,५०० भरले. ५ टक्के म्हणजे १,१२५. त्यापेक्षा ५०० कमी, म्हणून ५०० कापून २२,००० परत. त्यासाठी नकाराच्या पत्रासह लेखी मागणी करा. परतावा चार आठवड्यांत देणे अपेक्षित असते. पैसे ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने येतात, त्यामुळे एजंटच्या खात्यातून भरले असतील तर त्याच्या मागे फिरावे लागते. फी नेहमी स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यातून थेट विद्यापीठाला पाठवा.

तुम्ही स्वतःहून जायचे रद्द केले तर हा नियम लागू नाही. तेव्हा ऑफर स्वीकारताना सही केलेला करार लागू होतो आणि त्यात कपात बरीच मोठी असू शकते. व्हिसा नाकारला तेव्हा मिळालेला परतावा बघून ‘तसाच मिळेल’ असे समजू नये. व्हिसा फी आणि एजंटने घेतलेले ‘प्रोसेसिंग’चे पैसे दोन्ही बाबतींत गेलेच.

प्रश्न : खात्यात नेमके किती पैसे दाखवायचे? दुसऱ्या रांगेत असलो तर जास्त दाखवावे लागतात का? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : रांगेचा आणि रकमेचा संबंध नाही. पहिल्या बारा महिन्यांची ट्यूशन फी, राहण्याखाण्याचे २९,७१० डॉलर (१० मे २०२४ पासूनचा आकडा) आणि प्रवासखर्च, एवढे हवे. जोडीदार बरोबर असेल तर १०,३९४ आणि प्रत्येक मुलामागे ४,४४९ वाढतात. भरलेले डिपॉझिट वजा होते. उदाहरणार्थ वर्षाची फी ४८,००० असेल आणि २४,००० भरलेले सीओईवर छापले असेल, तर उरलेले २४,००० अधिक २९,७१०, म्हणजे ५३,७१० आणि वर प्रवासखर्च.

बँकेचे शैक्षणिक कर्ज चालते, पण ‘तत्त्वतः मंजुरी’चे पत्र नव्हे. सँक्शन लेटरवर विद्यार्थ्याचे नाव, विद्यापीठ, कोर्स, एकूण रक्कम आणि ती मिळण्याच्या अटी हव्यात. शेतजमीन, फ्लॅट, सोने हे तारण म्हणून ठीक आहे. सीएचे मूल्यांकन जोडले म्हणून ते व्हिसासाठी पैसे होत नाहीत. अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम आलेली मोठी रक्कम संशय वाढवते. ती कुठून आली याचा कागद (मुदत ठेव मोडली, जमीन विकली, मामांनी दिले आणि त्यांचे स्टेटमेंट) सोबतच लावा. खोटे बँक पत्र कधीही लावू नका. पकडले गेले तर अर्ज जातोच, शिवाय सहसा तीन वर्षे दुसरा व्हिसाही मिळत नाही. हो, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक आधीच वसूल करते तो कर) कापला जात नाही, बँकेने कापलाच तर विचारा.

प्रश्न : अर्ज लवकर निकाली लागावा म्हणून आपल्या हातात काय आहे? (अनेक वाचक)

उत्तर : रांग हातात नाही, फाइल आहे. अधिकाऱ्याने उघडल्यावर काहीही मागावे न लागता निर्णय घेता येईल, अशी ती हवी.

सीओई हाती आला की पहिल्यांदा त्यावरची अक्षरे वाचा : नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, जन्मतारीख, संस्थेचा क्रायकॉस कोड (मेलबर्न विद्यापीठाचा ००११६के असा असतो), कोर्सचा कोड, सुरू आणि संपण्याची तारीख, भरलेली रक्कम, विम्याचा कालावधी. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत असते, गुणपत्रिकेवर मात्र ‘आडनाव-नाव-वडिलांचे नाव’ असा क्रम. दोन्ही एकाच व्यक्तीचे असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या फायली इथेच अडकतात.

वैद्यकीय तपासणी बोलावणे येण्याची वाट न बघता इमीअकाउंटमधून हॅप आयडी (तपासणीसाठीचा ओळख क्रमांक) काढून, मान्यताप्राप्त डॉक्टरकडेच करून घेता येते. घरच्या डॉक्टरचे प्रमाणपत्र चालत नाही.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे ‘जेन्युइन स्टुडंट’चे प्रश्न. २३ मार्च २०२४ पासून लांबलचक हेतूपत्राऐवजी अर्जातच ठरावीक प्रश्न असतात आणि प्रत्येकाला उत्तर १५० शब्दांत द्यायचे. सध्याची कौटुंबिक व आर्थिक परिस्थिती, हाच कोर्स याच विद्यापीठात का, तो केल्यावर फायदा काय. ‘ऑस्ट्रेलियातली शिक्षणपद्धती जागतिक दर्जाची आहे’ या वाक्यात त्यातले काही शब्द वाया जातात आणि अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा : अभियांत्रिकीत अमुक विषय झाला, दोन वर्षे चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम केले, या कोर्सच्या दुसऱ्या सत्रातला अमुक विषय त्या कामाशी जोडलेला आहे, परत आल्यावर अशा पदाला इतका पगार मिळतो. प्रत्येक विधानामागे एक कागद जोडलेला असावा. शिक्षणात दोन वर्षांचा खंड असेल तर तो लपवू नका, त्या काळात काय केले ते कागदासह सांगा.

प्रश्न : पर्यटक व्हिसावर जाऊन तिथूनच विद्यार्थी व्हिसा टाकला तर रांग टळते असे ऐकले. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : १ जुलै २०२४ पासून पर्यटक व्हिसावर असणाऱ्यांना ऑस्ट्रेलियात राहून विद्यार्थी व्हिसाचा अर्जच करता येत नाही. हा सल्ला देणाऱ्याकडून दुसरा कुठलाही सल्ला घेऊ नका.

प्रश्न : वाटा शिल्लक असलेल्या विद्यापीठातून व्हिसा घ्यायचा आणि तिथे गेल्यावर हव्या त्या विद्यापीठात बदली करायची, हे जमते का? (एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : मुख्य कोर्सचे पहिले सहा महिने पूर्ण होईपर्यंत मूळ विद्यापीठाने सोडल्याशिवाय दुसरी संस्था प्रवेश देऊ शकत नाही. त्यानंतर बदलता येते, पण नव्या विद्यापीठातही तुम्ही नवे दाखल झालेले म्हणून मोजले जाऊ शकता, आणि तिथला वाटा भरला असेल तर सीओईच मिळणार नाही. मास्टर्स सोडून स्वस्त डिप्लोमा धरला तर व्हिसाच्या अटीचा भंग होतो, कारण कोर्सची पातळी खाली आणता येत नाही. शिवाय ‘हेच विद्यापीठ का’ या प्रश्नाला जे लिहून दिले ते पुढच्या प्रत्येक अर्जात समोर ठेवले जाते.

प्रश्न : आता ऑस्ट्रेलियन विद्यापीठेच भारतात येत आहेत. तिथे प्रवेश घेतला तर मर्यादेचा प्रश्नच नाही ना? (एक पालक, मुंबई)

उत्तर : बरोबर. भारतातल्या कॅम्पसवरचे विद्यार्थी त्या आकड्यात येत नाहीत. डीकिन आणि वोलोंगोंग ही दोन सरकारी विद्यापीठे गुजरातच्या गिफ्ट सिटीत सुरू झाली आहेत, आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाला मुंबईतल्या कॅम्पससाठी युजीसीने २०२५ मध्ये इरादापत्र दिले आहे.

मुलाला शिकून झाल्यावर ऑस्ट्रेलियात काही वर्षे नोकरी करायची असेल तर मात्र हिशेब वेगळा आहे. पदवीनंतरच्या ४८५ क्रमांकाच्या व्हिसासाठी किमान ९२ आठवड्यांचा नोंदणीकृत अभ्यास आणि किमान १६ महिने प्रत्यक्ष ऑस्ट्रेलियात शिकणे लागते. गिफ्ट सिटीत किंवा मुंबईत काढलेला काळ त्यात धरत नाहीत. भारताशी झालेल्या व्यापार करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना मास्टर्सनंतर तीन आणि पीएच.डी.नंतर चार वर्षे मिळू शकतात, ही सवलत ऑस्ट्रेलियात शिकलेल्यांनाच आहे. काही कोर्समध्ये पहिले वर्ष इथे आणि दुसरे तिथे अशी सोय असते. तिथे ९२ आठवडे भरतात का, हे प्रवेशाआधी विद्यापीठाकडून लेखी घ्या. बहुतेक वेळा भरत नाहीत.